प्रेत शेतात सापडले, तर जाब कोणी द्यावा?

अनुवादाच्या 21व्या अध्यायात एक नियम आहे. रविवार-शाळेत तो सहसा शिकवला जात नाही. शेतात कोणाचे प्रेत सापडले आणि मारणारा कोण हे ठाऊक नसले, तर वडीलजनांनी व न्यायाधीशांनी तेथे जावे, प्रेतापासून भोवतालच्या नगरांचे अंतर मोजावे, आणि सर्वांत जवळच्या नगराच्या वडिलांनी पुढील विधी करावा. कालवड, वाहता ओढा, हात धुणे हे सारे नंतरचे. मला विचारात पाडते ती मोजणी. "हे आमच्या हद्दीत नाही" असे म्हणून सगळ्याच नगरांना सुटता येऊ नये, म्हणून ती आहे. उलट पिलात पाहा. येशू गालीलकर आहे हे कळताच त्याने त्याला हेरोदाकडे पाठवून दिले (लूक 23). तेथे हद्द ही अंग काढून घेण्याची वाट झाली.

न्यायाधीशाने हद्द का पाहावी, हा प्रश्न अमेरिकेच्या न्यायालयांत चाळीस वर्षे घोळत आहे. 1985 च्या ऑक्टोबरात 'आकिले लाउरो' हे इटालियन प्रवासी जहाज पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी पळवले. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या एका 69 वर्षांच्या अमेरिकन प्रवाशाला त्यांनी गोळी घातली आणि समुद्रात टाकले. त्याच्या कुटुंबाने पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. पुढे 1992 साली कायदा झाला, की परदेशातील दहशतवादी कृत्यात इजा झालेल्या अमेरिकन नागरिकाने अमेरिकेतच दावा करावा व तिप्पट भरपाई मागावी.

या कायद्याखाली 2004 साली आणखी काही कुटुंबे न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली. त्यांची माणसे यरुशलेम व आसपासच्या हल्ल्यांत मेली वा जखमी झाली होती. प्रतिवादी होते मुक्ती संघटना आणि पॅलेस्टिनी प्राधिकरण. 2015 साली ज्यूरीने 21.85 कोटी डॉलर ठरवले. तिपटीने ते 65.55 कोटी झाले. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने सारे रद्द केले. प्रतिवादींचे ठाणे अमेरिकेत नाही, हल्ले अमेरिकेत झाले नाहीत, आणि अमेरिकन माणसे हेरून मारली असेही नाही, म्हणून या कोर्टाला अधिकार नाही असे ते म्हणाले. समोर कोण आहे हे न पाहता गोळी झाडली, आणि ते न पाहणेच मारणाऱ्याच्या बाजूचा मुद्दा ठरले! मुलगा गमावलेल्या आईला हे कसे समजावून सांगावे?

तरी त्या न्यायाधीशांना कठोर म्हणण्याची घाई करू नये. आपल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही साधारणपणे प्रतिवादी जेथे राहतो किंवा दाव्याचे कारण जेथे घडले तेथेच दावा लावावा लागतो. बेळगावच्या माणसाला ज्याच्याशी त्याचा काही संबंध नाही अशा दूरच्या कोर्टाने बोलावले, तर तो अन्याय आहे हे आपण लगेच ओळखतो. हे संरक्षण भल्या माणसापुरतेच ठेवले तर ते संरक्षण राहत नाही; ज्याचा आपल्याला संताप येतो त्यालाही ते द्यावे लागते.

अमेरिकेच्या काँग्रेसने 2019 साली नवा कायदा केला. अमेरिकनांना मारणाऱ्यांना किंवा त्यांच्या कुटुंबांना या दोन संस्थांनी पैसे दिले, अथवा अमेरिकेत काही कामे चालू ठेवली, तर त्यांनी कोर्टाचा अधिकार मान्य केला असे धरावे. खालच्या न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरवला. पण 20 जून 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो उचलून धरला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात म्हटले की, राज्यांच्या कोर्टांना लागणारी बंधने केंद्राच्या कोर्टांना जशीच्या तशी लागत नाहीत. प्रतिवादी दोनच, त्यांना आगाऊ सूचना मिळालेली, आणि देशाचा संबंध उघड, म्हणून हे न्याय्य आहे.

निकाल मला पटतो. 'मान्यता' हा शब्द मात्र पटत नाही. जो नाही म्हणत आला त्याच्या तोंडी हो घालणे सरळपणाचे नाही. "तुम्ही मारणाऱ्यांच्या घरी पैसे पोचवता, म्हणून आम्ही तुम्हांला बोलावतो" असे उघड म्हटले असते तर बरे झाले असते.

आणि दार उघडले ते कोणासाठी? याच भूमीवरील हल्ल्यांत बळी पडलेल्या हजारो परदेशी लोकांनी जॉर्डनच्या अरब बँकेवर अमेरिकेत दुसऱ्या एका जुन्या कायद्याखाली दावा लावला होता. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की परदेशी कंपनीवर त्या कायद्याने दावा चालत नाही. म्हणजे एकाच ठिकाणी दोघे पडले, तर कोणाच्या विधवेला दार उघडेल हे पासपोर्टावरून ठरते.

मुंबईचेही ऐका. 2008 च्या नोव्हेंबरात तेथे 166 जण मारले गेले. त्यांतील काहींच्या नातलगांनी न्यूयॉर्कमध्ये लष्कर-ए-तैयबाबरोबर पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तहेर संस्थेवरही दावा केला. संस्था परकीय सरकारचे अंग आहे, म्हणून तिच्यावर दावा चालणार नाही, असे अमेरिकी सरकारने कळवले, आणि कोर्टाने तिला वगळले. पॅलेस्टिनी संस्थांना हे कवच नव्हते, कारण अमेरिका त्यांना सार्वभौम राष्ट्र मानत नव्हती. दोन्ही प्रकरणांत अमेरिकेच्या कोर्टांनी कायदा पाळला. परंतु मोजणीची काठी प्रेतापाशी टेकवलेली होती की प्रतिवादीच्या दर्जापाशी, हा प्रश्न त्या नातलगांनी विचारला, तर त्यांना काय सांगावे हे मला सुचत नाही.