जात्याचा खुंटा कोणाच्या हाती?

मीरा रोडच्या पेणकरपाड्यासारख्या वस्तीत सकाळ म्हणजे नुसती धावपळ. पाणी भरायचं, डबे करायचे, शेअर रिक्षाने स्टेशन गाठायचं आणि विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा शोधायची. अशा घरातलं मूल तीन वर्षांचं होऊनही बोलत नसलं, हाक मारल्यावर बघत नसलं, तर थेरपिस्ट घरी करून घ्यायच्या गोष्टींची यादी देतात. मणी ओवणं, चित्रं दाखवून बोलणं, बोटांचे खेळ. हे सगळं कधी करायचं, हा वरकरणी वेळापत्रकाचा प्रश्न. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे: साधनेसाठी प्रपंचातून वेळ काढायचा, की प्रपंचातच साधना करायची?

वारकरी परंपरेने याचं उत्तर कधीच दिलेलं आहे. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. विठ्ठलच त्यांच्याकडे आला, असं परंपरा सांगते.

बालविकासाचं शास्त्रही आज याच वाटेने चाललं आहे. वेगळा तास काढण्यापेक्षा अंघोळ, जेवण, कपडे घालणं यांतच थेरपी गुंफावी, असं ते सांगतं. कणकेचा गोळा दाबताना बोटांत बळ येतं, वाटाणे सोलताना चिमटीची पकड बसते. वरणाची वाटी लगेच पुढे सरकवायची नाही, हातात धरून थोडं थांबायचं. मूल वाटीकडे बघतं, मग आईकडे, मग हात पुढे करतं. लगेच ‘वरण हवं?’ म्हणत वाटी द्यायची. थांबणं काही सेकंदांचंच. पण संवादाला सुरुवात मुलाने केलेली असते.

हे पालकांना जमतं का? गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथली स्वमग्नता असलेली 65 मुलं त्यात होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवलं. मुलाबरोबरच्या खेळाचं चित्रीकरण एकत्र बसून पाहिलं. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने येऊ लागला, मुलंही आपणहून अधिक संवाद साधू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र उलट कमी झाला. सगळंच साधलं नाही, पण जे साधलं ते आईबापांच्या हातून साधलं.

तरीही कामातच साधना म्हटलं की एक धोका उभा राहतो. तेरच्या गोरोबा कुंभारांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. नामात देहभान हरपून चिखल तुडवताना पायाखाली आलेलं आपलं तान्हं त्यांना दिसलं नाही. देवाने ते परत दिलं, असं कथा सांगते. पण तो क्षण विसरता येत नाही. थेरपीचंही असं होऊ शकतं. आज किती शब्द आले, किती मणी ओवले, या हिशेबात आई गुंतते आणि समोरचं दमलेलं, खेळायला निघालेलं मूल दिसेनासं होतं. प्रत्येक घास परीक्षा झाला, तर जेवण जेवण राहत नाही. मुलाने मान फिरवली की वाटी मुकाट्याने द्यावी; साधना तिथे मोडत नाही.

दुसरा धोका अधिक खोल आहे. ‘घरकामातच थेरपी करा’ हे सांगितलं जातं बहुतेक आईला. तिच्या कामांवर आणखी एक काम चढतं आणि त्याला सेवेचं नाव मिळतं. इथे जनाबाईची कथा नीट आठवायला हवी. नामदेवांच्या घरी राबणारी जनी दळताना देवाला आळवते, एवढ्यावर ती कथा थांबत नाही. देव येतो, जात्याचा खुंटा धरतो आणि दळू लागतो. कष्टांना नुसतं पावित्र्य देऊन भागत नाही, त्यांत वाटेकरी लागतो, ही या कथेतली गोष्ट प्रवचनांत बऱ्याचदा निसटते.

म्हणून थेरपिस्टच्या यादीत प्रत्येक कामापुढे घरातल्या एकेकाचं नाव असावं. रात्री उशिरा घरी येणाऱ्या बाबांकडे रविवारची अंघोळ आणि शर्टाची बटणं, आजीकडे वाटाणे, ताईकडे जिना चढता-उतरता पायऱ्या मोजणं. आणि हे सगळं शिकवलं जाईल त्या दिवशी आईबरोबर घरातलं आणखी एक माणूस समोर बसलेलं असावं, मग त्यासाठी थेरपिस्टला वेळ संध्याकाळची द्यावी लागली तरी.