भावाचा आजार आणि बहिणीची सोयरीक

सोयरीक जुळविताना गोत्र, पत्रिका व कुलाचार यांच्या जोडीने आणखी एक चौकशी हलक्या आवाजात होत असते : 'घराण्यात कोणाला वेड तर नाही ना?' समजा, सुरतेच्या कतारगामात, हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांच्या शेजारी, एक मराठी कुटुंब राहते. थोरल्या मुलास उन्माद व विषाद यांचे झटके आलटून पालटून येतात. धाकटी बहीण निरोगी आहे. तिच्या सोयरिकीत भावाचा आजार सांगणे हे कर्तव्य, की झाकणे?

या आजारास द्विध्रुवीय विकार म्हणतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात गुजरातही होते, हजारी सुमारे पाच प्रौढांना तो आयुष्यात केव्हातरी झालेला आढळला. तो बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे, हे नाकारून चालणार नाही. सख्ख्या भावंडांस त्याचा धोका इतरांहून कित्येक पटींनी अधिक. तथापि बहुसंख्य भावंडांना तो कधीच होत नाही. असे का? न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय येथील सोफिया फ्रांगू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्ण, त्यांची निरोगी भावंडे आणि इतर निरोगी माणसे यांच्या मेंदूंचे भाग परस्परांशी कसे संधान राखतात हे तपासले. संवेदना व हालचाल यांच्याशी निगडित भागांतील काही उणिवा रुग्णांत आणि भावंडांत समान दिसल्या. परंतु मन स्वस्थ व अंतर्मुख असता जागे होणारे जे जाळे असते, त्याचे संधान भावंडांत विशेष दृढ आढळले.

याचा अर्थ असा की, वारसा एकच असूनही परिणाम एक नसतो. मात्र बहिणीने याचा अभिमान धरू नये आणि भावाला दोष देऊ नये. दोघांनीही आपला मेंदू निवडलेला नाही. शिवाय हे निष्कर्ष समूहाचे आहेत. त्यांवरून एका मुलीचे भविष्य वर्तविता येत नाही.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा मनःस्थितीची अट घालतो ती वधूवरांना, त्यांच्या भावंडांना नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. म्हणून आमचे मत असे : विवाहाची पायाभरणी लपवाछपवीवर होऊ नये, पण सांगावयाचे ते भावाला विचारून, त्याच्या संमतीने सांगावे. आजार त्याचा आहे. तो सांगण्याचा पहिला अधिकारही त्याचाच. तो नको म्हणाला, तर बहिणीने स्वतःपुरते सत्य बोलावे आणि त्याचे गुपित राखावे.

उरलेले कर्तव्य ऐकणाऱ्यांचे आहे. औषधोपचाराने यातील अनेक रुग्ण संसार व उद्योग नीट चालवितात. देवळाच्या सभामंडपात आपण सत्याची थोरवी ऐकतो आणि बाहेर येऊन सत्य सांगणाऱ्या घरची सोयरीक मोडतो. मग पुढचे घर खोटे बोलले, तर त्या पापाचा वाटा आपल्याकडेही येतो.