वेळ कोणाचा?

आमच्या तेरखेड्यात अनेक घरांची चूल फटाक्यांच्या कारखान्यांवर पेटते. तेथे काम करणारा एक तरुण ईशाच्या नमाजनंतर थांबला. म्हणाला, "मौलाना, रोजी हलाल आहे, पण मन रमत नाही. बारावीनंतर सुटलेले शिक्षण मुक्त विद्यापीठातून पूर्ण करावेसे वाटते. वेळ मिळत नाही. असे वाटणे ही नाशुक्री तर नव्हे?"

नाशुक्री नव्हे. हलाल रोजीबद्दल शुक्र वाजिब आहे. पण त्या रोजीने मनही भरले पाहिजे, अशी अट दीनने घातलेली नाही. हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्या सहाबींनीही एकदा स्पष्ट कबूल केले की, बाजारातील व्यवहारांमुळे प्रेषितांची (स.) एक हदीस त्यांच्या कानी पडायची राहून गेली.

मात्र ते हळहळत बसले नव्हते. सहीह बुखारीत त्यांचेच कथन आहे. ते मदीनेच्या वरच्या वस्तीत राहत. त्यांनी एका अन्सारी शेजाऱ्याशी पाळी लावली होती. एक दिवस हे प्रेषितांच्या (स.) सेवेत जात, दुसऱ्या दिवशी तो, जो जाई तो त्या दिवशीची वही व इतर वार्ता परतल्यावर दुसऱ्याला सांगे.

या पाळीकडे नीट पाहा. वेळ रस्त्यात पडलेला सापडत नाही. तो कोणाकडून तरी घ्यावा लागतो. मालकाच्या तासांतून घ्यावा, तर ती अमानतीत खियानत. शिवाय दारूकामात हात येथे आणि चित्त पुस्तकात असेल, तर शेजारी बसलेल्याच्या जिवाशी खेळ होतो. झोपेतून घ्यावा, तर शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. मग उरते घर. आणि बहुतेक पुरुष तेथूनच न विचारता घेतात. (आम्ही इमामही त्यात आलो.)

मी त्याला विचारले, "तू रात्री अभ्यासाला बसलास, तर लेकराला कोण सांभाळील?" म्हणाला, "ती आहेच की." तिचे शिक्षण दहावीनंतर सुटले आहे, हे त्यानेच मागाहून सांगितले. तिलाही पुढे शिकायचे आहे का, हे त्याने कधी विचारले नव्हते. मी म्हणालो, "मग पाळी लाव. एक रात्र तुझी, एक तिची."

तो बराच वेळ गप्प राहिला. दिवाळीचा हंगाम आटोपला की विचारतो, म्हणाला. हंगामाआधी विचार, असे मी त्याला सांगितले आहे.