वायर निघाली, जागा गेली

फोनवर जागेचा प्रश्नच येत नाही. एक ॲप उघडलं की ते अख्खा स्क्रीन व्यापतं, दुसरं उघडलं की पहिलं मागे जातं. कोण कुठे बसलंय हे लक्षात ठेवायची गरज कुणाला पडत नाही. मग पहिली नोकरी लागते, लॅपटॉपशेजारी एक मोठा मॉनिटर येतो आणि आठवड्याभरात आपण नकळत संसार मांडतो. लॅपटॉपवर मेल आणि चॅट, मोठ्या पडद्यावर हातातलं काम, कोपऱ्यात गाण्यांची यादी. मीटिंगसाठी केबल काढून लॅपटॉप उचलला की हा सगळा संसार चौदा इंचांत एकमेकांच्या अंगावर येऊन पडतो. परत येऊन केबल जोडली, तरी कधीकधी मोठा मॉनिटर रिकामा आणि सगळ्या विंडो लहान पडद्यावर दाटीवाटीने.

आपण चरफडत एकेक विंडो ओढून नेतो. पण या चरफडण्याच्या मुळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. हरवलेली जागा परत मिळाली, तर तिथल्यांना तिथे नेऊन बसवणं हे कुणाचं कर्तव्य असतं का? असेल, तर कुठवर?

आधी घडतं काय ते पाहू. कॉम्प्युटरच्या दृष्टीने सगळे पडदे मिळून एक मोठा आलेख असतो. विंडोजमध्ये मुख्य पडद्याचा डावीकडचा वरचा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. त्याच्या डावीकडे मॉनिटर ठेवला तर तिथले आकडे उणे होतात. वायर निघाली की आलेखाचा तेवढा तुकडाच नाहीसा होतो. तिथली विंडो मात्र जिवंत असते, चालू असते. तिच्या पायाखालची जमीन तेवढी गेलेली असते. अशा वेळी पहिलं कर्तव्य उघड आहे: कुणी हरवता कामा नये. म्हणून सगळ्यांना उरलेल्या पडद्यावर आणलं जातं. दाटी होईल, पण दिसत तरी राहतील. इथवर कुणाचा वाद नाही. वाद सुरू होतो तो मॉनिटर परत आल्यावर.

बरेच मॉनिटर, विशेषतः डिस्प्लेपोर्ट केबलने जोडलेले, नुसते झोपले तरी कॉम्प्युटरला वाटतं की ते निघून गेले. विंडोज १० च्या काळात चहा पिऊन परत येईपर्यंत मांडणी विस्कटलेली असायची ती यामुळे. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने यावर स्मरणशक्तीचं उत्तर दिलं. कोणता मॉनिटर असताना कोण कुठे होतं ते लक्षात ठेवायचं आणि तो परतला की सगळ्यांना जागच्या जागी बसवायचं.

आता वाटेल, झालं, सुटला प्रश्न. पण लक्षात ठेवायचं तर आधी ओळखावं लागतं. प्रत्येक मॉनिटर जोडला गेल्यावर आपली ओळख सांगतो: बनवणारा कोण, मॉडेल कोणतं, अनुक्रमांक काय. या नोंदीला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा मूळ भाग जेमतेम १२८ बाइटचा असतो. काही मॉनिटरमध्ये अनुक्रमांकाची जागा कोरीच असते. टेबलावर असे दोन सारखे मॉनिटर असले की कोणता कोण हे नोंदीवरून कळत नाही, मग कोणत्या पोर्टला कोण जोडलंय यावरून अंदाज बांधावा लागतो. परत आलेला तोच आहे की तसाच दुसरा, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरता राहत नाही.

दुसरा मुद्दा अधिकाराचा. लिनक्सच्या जगात पूर्वीपासून चालत आलेल्या एक्स११ या पद्धतीत प्रोग्रामला स्वतःची जागा मागता येते. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने हा अधिकार काढून घेतला. तिथे साध्या विंडोला आपण पडद्यावर नेमके कुठे आहोत हेसुद्धा सांगितलं जात नाही. पडद्याचा कारभार पाहणारा मुख्य प्रोग्राम ठरवेल ती जागा. यामागे सुरक्षेचा विचार आहे आणि तो पटण्यासारखा आहे. पण त्यातून एक गोष्ट निघतेच. ज्याने दुसऱ्याची जागा ठरवायचा अधिकार घेतला, त्याने ती जागा लक्षात ठेवायची जबाबदारीही घेतली. विंडो स्वतः परत जाऊ शकत नाही. तिला जाण्यापासून आपणच अडवलंय.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मधल्या वेळात आपण एखादी विंडो मुद्दाम हलवली असेल तर? समजा, लहान पडद्यावर सगळी दाटी झाली असताना चॅट आपण हाताने उजव्या कडेला नेऊन ठेवलं, कारण तिथे ते बरं वाटलं. मॉनिटर परत आल्यावर त्यालाही उचलून जुन्या जागी टाकायचं का? लिनक्सवरच्या केडीई प्लाझ्मामधला विंडो सांभाळणारा प्रोग्राम, केविन, इथे एक साधी युक्ती करतो. माणसाने प्रत्येक विंडो हाताने किती वेळा हलवली याची तो मोजदाद ठेवतो. मधल्या काळात आकडा बदलला नसेल, तर विंडो फक्त ढकलली गेली होती, तिला परत न्यायचं. आकडा बदलला असेल, तर कुणीतरी ठरवून काही केलंय, त्या ठरवण्याचा मान राखायचा. ढकललं जाणं आणि हलणं यांतला फरक एका आकड्यात पकडलाय.

हा फरक आपल्याला मार्च २०२० नंतर चांगलाच कळायला हवा होता. ऑफिसं, कॉलेजं, हॉस्टेलं एका आठवड्यात आलेखातून नाहीशी झाली. पुण्या-मुंबईतल्या खोल्यांमधली मुलं घरी परतली, आणि एका हॉलमध्ये एकाचं लेक्चर, दुसरीचा कॉल आणि आजीची मालिका एकमेकांवर चढली. तेव्हा कुणी हरवू नये एवढंच पाहायचं होतं, आणि ते बरोबरच होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत ऑफिसांनी बोलावणी धाडली: सोमवारपासून पूर्वीसारखं. मांडणी परत आणायची, जणू वायर निघाली होती आणि आता लागली.

अनेकांना तेच हवं होतं. ते ढकलले गेले होते आणि आपली खुर्ची परत मिळणं हा त्यांचा हक्क होता. पण मधल्या काळात कुणी आजारी वडिलांपाशी राहायचं ठरवलं होतं, कुणी गावात काम सुरू केलं होतं, कुणाला पहिल्यांदाच घरात स्वतःचं टेबल मिळालं होतं. त्यांचा आकडा बदलला होता. ‘पूर्वीसारखं’ म्हणणाऱ्यांची स्मरणशक्ती चांगली होती. त्यांनी मोजदाद तेवढी ठेवली नव्हती.

यावर आक्षेप येईल की माणसं म्हणजे विंडो नव्हेत. खरंच आहे. मॉनिटर गेला की त्याची जागाही जाते, मधे तिथे कुणी येऊन बसत नाही. माणसांच्या जगात रिकामी खुर्ची फार दिवस रिकामी राहत नाही, आणि परत येणाऱ्याचा हक्क कधीकधी तिथे नव्याने बसलेल्याच्या हक्कावर आदळतो. तो तंटा कुठलाही प्रोग्राम सोडवणार नाही. पण माणसं विंडो नसल्यामुळे आपलं काम एका बाबतीत सोपंही आहे. विंडोला काय हवंय हे मोजदादीवरून ताडावं लागतं. माणसाला सरळ विचारता येतं.