मधल्या कामाची सत्ता

निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्यापासून घडवलेला चुंबक नखाएवढा असला, तरी लोखंडी पट्टीला चिकटला की बोटांनी सोडवताना नाकी नऊ येतात. मोबाइलच्या स्पीकरमध्ये तो असतो, विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मोटरमध्ये असतो, पवनचक्कीत असतो आणि क्षेपणास्त्राची दिशा वळवणाऱ्या यंत्रणेतही असतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो दोन ठिकाणी, जवळपास एकाच वेळी सापडला. जपानमध्ये सुमितोमो समूहातील मासातो सागावा यांना, आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत. चीनचा या शोधाशी काडीचा संबंध नव्हता. आज मात्र जगातल्या अशा चुंबकांपैकी सुमारे नव्वद टक्के चीनमध्ये बनतात. हे कसे झाले, याचे उत्तर नीट शोधले तर चीनच्या उदयावर चाललेल्या वादातले बरेचसे धुके निवळते असे मला वाटते.

त्या वादात दोन पक्ष हमखास भेटतात. पहिल्याचे म्हणणे असे की चीनने सगळे उचलले. पाश्चात्त्य कंपन्यांना बाजारपेठेचे आमिष दाखवून तंत्रज्ञान काढून घेतले, नकला केल्या, सरकारी तिजोरीतून पैसा ओतला, मजुरांना राबवले. दुसरा पक्ष इतिहासाचा हवाला देतो. अँगस मॅडिसन या अर्थेतिहासकाराच्या अंदाजानुसार १८२० मध्ये जगाच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश वाटा चीनचा होता. तेव्हा आज जे घडते आहे ते जुन्या सिंहासनावर परत बसणे आहे, असे हा पक्ष मानतो. पहिल्याच्या तक्रारीत तथ्य आहे, दुसऱ्याच्या आकड्यातही आहे. पण चोरीने चोराला वस्तू मिळते, ती घडवण्याचा हात मिळत नाही. आणि पूर्वजांच्या वैभवाने कोणाचाही कारखाना चालत नाही. तसे असते तर ग्रीस आणि इजिप्त आज कुठल्या कुठे असते.

केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ जोसेफ नीडहॅम यांनी आपले उत्तरायुष्य एका प्रश्नावर खर्च केले: कागद, छपाई, बंदुकीची दारू आणि होकायंत्र ज्यांनी जगाला दिले त्या चीनमध्ये आधुनिक विज्ञान का जन्मले नाही? त्यांच्या महाग्रंथाचा पहिला खंड १९५४ मध्ये आला आणि त्यांच्या मृत्यूनंतरही खंड निघत राहिले. त्यांनी उजेडात आणलेल्या अनेक गोष्टींत सू सोंग यांच्या घड्याळाची हकिगत माझ्या मनातून जात नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस कायफेंग या राजधानीत सू सोंग यांनी पाण्याच्या बळावर चालणारा, ग्रहताऱ्यांची गती दाखवणारा एक मनोरा उभारला आणि त्याच्या भागांची चित्रे व वर्णन देणारे पुस्तकही लिहिले. ११२७ मध्ये जुर्चेन आक्रमकांनी राजधानी घेतली आणि ते यंत्र सुटे करून उत्तरेला नेले. दक्षिणेत नव्याने बसलेल्या सोंग राजघराण्याच्या दरबाराला तसे घड्याळ पुन्हा हवे होते. पुस्तक होते, सू सोंग यांचा मुलगाही होता. घड्याळ काही उभे राहिले नाही. ज्या कारागिरांना कोणता दाता कुठे घासायचा हे ठाऊक होते, त्यांची फळी उधळली गेली होती.

आता अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील अँडरसन हे गाव पाहा. जनरल मोटर्सने आपल्या शोधातून १९८६ मध्ये मॅग्नेक्वेंच नावाचा चुंबकांचा व्यवसाय तिथे उभा केला. १९९५ मध्ये तो विकला, आणि घेणाऱ्या गटात दोन चिनी सरकारी कंपन्या होत्या. अमेरिकी सरकारने व्यवहाराला संमती दिली. काही वर्षांत अँडरसनचा कारखाना बंद झाला आणि उत्पादन चीनला गेले. कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही खाण एके काळी जगाला दुर्मीळ मृदा खनिजे, म्हणजे निओडिमियमसारखी मूलद्रव्ये देणारी खनिजे, पुरवत होती. रंगीत टीव्हीच्या पडद्यावरचा लाल रंग तिच्या युरोपियममधून यायचा. किरणोत्सारी सांडपाण्याची गळती झाली, पर्यावरणाचे नियम कडक होत गेले, चीनमधला माल स्वस्त होता. २००२च्या सुमारास तिथले खनिज काढणे थांबले. या दोन्ही वेळी जुर्चेन फौजा आल्या नव्हत्या. ताळेबंद पाहणाऱ्यांनी थंड डोक्याने निर्णय घेतला की हे काम घाणेरडे आहे, नफा कमी आहे, संशोधन आपण ठेवू आणि राबणे दुसऱ्याकडे देऊ. त्या काळच्या अर्थशास्त्राच्या वर्गात या निर्णयाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

चीनमध्ये याच काळात काय चालले होते, ते समजण्यासाठी श्यू ग्वांगश्येन यांच्याकडे जावे लागते. जन्म १९२०, कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट १९५१ची, आणि त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ पत्नी गाव श्याओश्या यांच्यासह ते मायदेशी परतले. सांस्कृतिक क्रांतीत या दांपत्याला संशयावरून डांबण्यात आले. सुटल्यावर, १९७२ मध्ये, बीजिंग विद्यापीठात त्यांच्याकडे एक काम आले: निओडिमियम आणि प्रासिओडिमियम वेगळे करायचे.

दुर्मीळ मृदा म्हटल्या जाणाऱ्या गटातली ही सतरा मूलद्रव्ये तशी फार दुर्मीळ नाहीत. ती एकमेकांना सोडत नाहीत, हे खरे दुखणे. निओडिमियम आणि प्रासिओडिमियम यांना तर रसायनशास्त्रज्ञ एकच मूलद्रव्य समजत होते. ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये त्यांची ताटातूट केली. कारखान्यात ती करायची रीत अशी: खनिज आम्लात विरघळवायचे, त्यात तेलासारखा सेंद्रिय द्राव घालून हौदात घुसळायचे आणि निवळू द्यायचे. एक धातू तेलाकडे किंचित जास्त ओढला जातो, दुसरा पाण्यात किंचित जास्त रेंगाळतो. सगळी भिस्त त्या किंचितपणावर. तेल पुढच्या हौदात, पाणी मागच्या हौदात, पुन्हा घुसळणे, पुन्हा निवळणे; असे शेकडो हौद एका रांगेत. राजहंस एका चोचीत नीर आणि क्षीर वेगळे करतो म्हणतात. इथे अख्खी शेड दिवसरात्र हलत राहते आणि साखळी स्थिरावून शुद्ध माल हाती पडायला आठवडे लागतात. प्रवाह थोडा चुकला की सगळी मेहनत पाण्यात.

श्यू यांनी या साखळीचे गणित मांडले. किती हौद लागतील, कोणत्या हौदात किती द्राव सोडायचा, हे प्रत्येक वेळी छोट्या प्रयोगांतून चाचपडत ठरवण्याऐवजी आधी हिशेबाने काढता येऊ लागले. त्यापुढे त्यांनी जे केले ते मला समीकरणांपेक्षाही मोठे वाटते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी देशभरच्या कारखान्यांतील तंत्रज्ञांना एकत्र बसवून हे शिकवले. तोवर चीन कच्चे खनिज स्वस्तात विकून शुद्ध केलेला माल चढ्या भावाने परत घेत होता. नव्वदच्या दशकात उलटे झाले, आणि चिनी मालाने जगातले भाव असे पाडले की बाकीच्यांनी एकेक करून गाशा गुंडाळला. पश्चिमेने ज्याला राबणे म्हणून सोडून दिले होते, त्यात केवढी विद्या साठलेली असते हे तेव्हा कोणी मोजले नाही.

याचा अर्थ चिनी राज्यव्यवस्थेची आरती ओवाळावी असा मी मुळीच काढत नाही. त्याच राज्याने १९५८ मध्ये गावोगाव परसात भट्ट्या पेटवून पोलाद काढण्याचा हुकूम सोडला होता. लोकांनी घरची भांडी वितळवली, हाती कुचकामी लोखंड आले, शेते पडून राहिली आणि पुढच्या तीन-चार वर्षांच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. वरून आलेला हुकूम आणि खालची आज्ञाधारक गर्दी एवढ्याने देश वर येत असता, तर तो तेव्हाच आला असता. १९७८ मध्ये आर्थिक सुधारणा सुरू झाल्यावर फरक पडला तो असा की माहीतगारांना त्यांचे काम करू दिले गेले. मात्र त्याचे मोल बाओतौ शहराजवळच्या सांडपाण्याच्या प्रचंड तळ्याने आणि जियांग्सी प्रांतातल्या टेकड्यांनी चुकते केले. त्या टेकड्यांच्या मातीत अमोनियम सल्फेट मुरवून धातू धुऊन काढले जात. माती उघडी पडली, विहिरींचे पाणी बिघडले. तिथल्या शेतकऱ्याला विचारणारे कोणी नव्हते. कॅलिफोर्नियातल्या नागरिकाला निदान नियमांचे संरक्षण होते. स्वस्त चुंबकाच्या भावात हे नुकसान कुठेच धरलेले नाही, आणि ते चुंबक वापरणाऱ्या आपल्यापैकी कोणीही याबाबत हात झटकू शकत नाही. स्वतः श्यू यांनी म्हातारपणी सरकारकडे विनवण्या केल्या की ही उधळपट्टी आवरा, उत्पादनावर मर्यादा घाला. २०१५ मध्ये ते गेले.

पश्चिमेशी असलेल्या चीनच्या चढाओढीमागे एक जुनी जखमही आहे, आणि तिच्याशी मुंबईचा थेट संबंध आहे. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन त्सशू यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. उत्तरादाखल ब्रिटिश युद्धनौका आल्या. १८४२च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडावी लागली, जबर खंडणी द्यावी लागली. त्या अफूतला मोठा वाटा माळव्याचा होता आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा भाग होता. त्याच संपत्तीतून जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा उभ्या राहिल्या. मुंबईवर या संस्थांचे उपकार आहेत आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण चिनी मुलांना शाळेत ‘अपमानाचे शतक’ शिकवले जाते, तेव्हा त्या धड्यातल्या गलबतांपैकी कितीतरी आपल्या धक्क्यावरून सुटलेली होती, हे आपण विसरू नये. दुसऱ्याच्या हाती नाड्या असणे म्हणजे काय, हे त्या देशाने फार कडू रीतीने शिकलेले आहे.

नाक दाबले की तोंड उघडते, या न्यायाने आता दोन्ही बाजू चालल्या आहेत. २०१० मध्ये समुद्रातल्या बेटांवरून जपानशी खटका उडाला, तेव्हा जपानला जाणारी दुर्मीळ मृदा खनिजे चीनकडून अडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रे चीनला विकण्यावर कडक निर्बंध घातले. सर्वांत सूक्ष्म चिप छापणारी यंत्रे जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधील एएसएमएल. त्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला पन्नास हजार या वेगाने सुटतात, प्रत्येकावर लेसरचा मारा होतो आणि त्या ठिणगीतला अदृश्य प्रकाश जर्मनीत घासलेल्या आरशांवरून फिरून सिलिकॉनवर पडतो. तिथेही तेच: प्रकाशाचे तत्त्व पुस्तकात मिळते, तो आरसा घासणारी माणसे मिळत नाहीत. मग एप्रिल २०२५ मध्ये, अमेरिकी आयातशुल्काला उत्तर म्हणून, चीनने डिस्प्रोशियम आणि टर्बियम यांसह सात मूलद्रव्यांच्या व त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. या दोहोंपैकी एखादे मूलद्रव्य असल्याशिवाय तापलेल्या मोटरमध्ये चुंबक सहसा टिकत नाही. काही आठवड्यांतच शिकागोतला फोर्डचा कारखाना आणि जपानमधले सुझुकी स्विफ्टचे उत्पादन काही काळ थांबले.

पण ज्याचे नाक दाबले जाते तो नुसते तोंड उघडून थांबत नाही. २०१० नंतर जपानने ऑस्ट्रेलियातील लायनस कंपनीत पैसा घातला, साठे केले, धातू कमी लागतील अशा मोटरी घडवल्या आणि चीनवरचे अवलंबन बरेच खाली आणले. ह्वावे या चिनी कंपनीला २०१९ मध्ये अमेरिकेने काळ्या यादीत टाकले. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्या कंपनीने चीनमध्येच बनलेल्या प्रगत चिपचा फोन बाजारात आणला. जानेवारी २०२५ मध्ये हांगझोच्या डीपसीक कंपनीने तुलनेने कमी साधनांत असे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप पुढे ठेवले की अमेरिकी चिप कंपनी एनव्हिडियाच्या बाजारमूल्यातून एका दिवसात सुमारे ६०० अब्ज डॉलर उडाले. नाड्या आवळण्याने वेळ विकत घेता येतो. समोरच्याची विद्या त्यामुळे थांबत नाही. उलट तिला निकड येते. चीनने हे अमेरिकेच्या बाबतीत अनुभवले, तरी आपल्या ग्राहकांच्या बाबतीत तो तेच करायला निघाला आहे, ही मला त्याची मोठी चूक वाटते. त्याची लोकसंख्या घटते आहे, घरबांधणीचा फुगा फुटला आहे. अशा वेळी विश्वास गमावणे त्याला परवडणारे नाही.

आपल्याकडे इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे. केरळच्या काळ्या वाळूतील मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा आलुव्याचा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला, म्हणजे श्यू यांच्या हाती ते काम येण्याच्या वीस वर्षे आधी. वाळू होती, रसायनशास्त्रज्ञ होते, संस्था होती. पण अणुऊर्जेसाठी लागणाऱ्या थोरियमवर लक्ष राहिले आणि वाळूपासून चुंबकापर्यंतची मधली साखळी आपण बांधलीच नाही. म्हणून २०२५ मध्ये चीनने परवाने रोखले तेव्हा पुणे-चाकण पट्ट्यातल्या विजेच्या वाहनांचे उत्पादनही अडखळले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टनांचे उद्दिष्ट ठेवून. योजना रास्त आहे. तिच्या यशाचे माप पहिल्या कारखान्याच्या उद्घाटनात शोधू नका. आलुव्यातल्या, चाकणमधल्या किती तंत्रज्ञांना तिने वीस-पंचवीस वर्षे एकाच कामावर सन्मानाने टिकवले, आणि सांडपाणी कोणाच्या विहिरीत सोडले नाही, हे दरवर्षी विचारा.