आळ आला असता मौन धरावे काय?

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ मुली परिचारिकेचे काम शिकण्याच्या इच्छेने मुंबईस जातात. कोणी अंधेरीस, कोणी बोरिवलीस, कोणी मुलुंड अथवा घाटकोपर येथे नातलगांच्या घरी उतरते. आणि शिक्षणाला प्रवेश मिळेपर्यंत, किंवा फीपुरते पैसे जमेपर्यंत, एखाद्या लहान खाजगी रुग्णालयात मदतनीस म्हणून राहते. अशाच एका मुलीचे वडील काही काळापूर्वी आमच्याकडे आले व त्यांनी एक प्रश्न पुढे ठेवला. तो एका घरापुरता नाही, म्हणून त्याचा येथे विचार करतो.

हकीकत अशी. रात्रपाळी संपताना कुलुपाच्या कपाटातील वेदनाशामक औषधाच्या दोन कुप्या वहीप्रमाणे कमी भरल्या. किल्ली रात्रभर तिघींच्या हाती फिरली होती; परंतु वहीत सही होती ती या मुलीची. उरलेले औषध आपण टाकून दिले, तू साक्षीची सही कर, असे वरिष्ठ बाईने सांगितले, आणि हिने काही न पाहता सही केली. सकाळी चालकांनी तिला बोलावून दोन कागद पुढे ठेवले. एक राजीनामा व दुसरी चोरीची कबुली. सही केलीस तर पोलिसांत जाणार नाही, असे आश्वासनही दिले. मुलीने औषध घेतले नव्हते. वडील म्हणाले, “पाळकसाहेब, गरिबाने भांडू नये. सही करून तिला गावी आणतो. देव जाणतो, तेवढे पुरे.”

हे बोलणे ऐकावयास नम्रतेचे वाटते. तथापि ते बरोबर आहे काय?

खोटे हे दुसऱ्याविरुद्ध बोलले तरच पाप, आणि स्वतःविरुद्ध बोलले तर सौम्यता, असा भेद आम्हांस कोठे आढळत नाही. शिवाय त्या कबुलीने केवळ मुलीचेच नाव जात नाही. ज्याने कुप्या नेल्या तो निर्धास्त होतो आणि कपाटाजवळच राहतो. ते औषध शस्त्रक्रिया झालेल्या कोणा रोग्याच्या वेदनेसाठी होते. उद्या त्याच्या वाट्याला औषधाऐवजी पाणी आले तर त्यात आमच्या मौनाचा भाग नाही काय? योसेफाचे वस्त्र पोटीफराच्या बायकोच्या हाती राहिले, आणि तेवढा पुरावा पुरला. तरी बंदिशाळेत त्याने आपण निरपराधी आहो असे स्पष्ट सांगितले. पौलानेही कैसराकडे दाद मागितली. आपले निर्दोषत्व शांतपणे सांगणे हा गर्व नव्हे.

परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू आहे, आणि ती बापाला आम्ही सांगितली तेव्हा त्यांना कडू लागली. मुलगी चोरीविषयी निर्दोष होती, निष्काळजीपणाविषयी नव्हती. जे पाहिले नाही त्याची साक्ष तिने लिहून दिली होती. तेव्हा जितके आपले तितके कबूल करावे. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. भीतीने पुष्कळ माणसे एक तर सर्व नाकारतात, नाही तर सर्व पत्करतात. सत्य बहुधा या दोहोंच्या मध्ये असते.

यावर कोणी म्हणेल की खरे बोलणाऱ्यालाच शिक्षा होते. आम्ही ते लपवीत नाही. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरी २०१७ च्या डिसेंबरात राडोंडा वॉट या परिचारिकेने मिडाझोलाम या शामक औषधाऐवजी स्नायू निश्चेष्ट करणारे व्हेक्युरोनियम दिले व रोगी दगावला. तिने चूक कबूल केली. तरी २०२१ साली तिचा परवाना गेला, आणि २०२२ साली न्यायालयाने तिला दोषी ठरवून तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले. पुष्कळ परिचारिकांनी तेव्हा म्हटले की, अशाने चुका सांगितल्या जाणार नाहीत, लपविल्या जातील. हे म्हणणे मालकांनी व अधिकाऱ्यांनी मनावर घ्यावे. सत्य बोलणे स्वस्त असते असे आम्ही कोणास सांगत नाही.

दोष नेहमी औषध देणाऱ्या हाताचाच असतो असेही नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रोगी मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा ती खाटेजवळ थांबली नाही. औषध पुरविणारे, ते तपासणारे खाते व मंत्री यांच्यापर्यंत गेली. तसेच २००५ साली जेकब मॅथ्यू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वैद्यकीय कामातील प्रत्येक चूक फौजदारी गुन्हा होत नाही. त्यासाठी हलगर्जीपणा घोर असावा लागतो. म्हणून चौकशीला भ्यावे त्याहून चौकशी न होता केलेल्या सहीला अधिक भ्यावे.

आमच्या उपदेशकांस विनंती की, मुंबईस निघणाऱ्या मुलींस पुढील गोष्टी समजावून द्याव्या. मॉर्फीन, फेंटानिल यांसारखी औषधे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. त्यांची कुपी हरवणे म्हणजे पेला हरवणे नव्हे. ज्या मुलीची परिचर्या परिषदेत नोंदणी झालेली नाही, तिने औषध देण्याचे काम पत्करू नये व किल्लीही जवळ ठेवू नये. डोळ्यांनी पाहिल्यावाचून साक्षीची सही करू नये. कोऱ्या कागदावर, अथवा वाचून न समजलेल्या कागदावर, सही देऊ नये. विचारास वेळ व कागदाची प्रत मागावी. घडलेले त्याच दिवशी तारीख व वेळ घालून स्वहस्ते लिहून ठेवावे. पोलीस आले तर वकिलास भेटण्याचा हक्क आहे. आणि अपवादाचा प्रसंग सोडून सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीस अटक करता येत नाही. हे माहीत असलेली मुलगी निम्मी भीती गावीच ठेवून जाते.

त्या मुलीने शेवटी कबुलीवर सही केली नाही. न पाहता साक्ष दिली ही आपली चूक होय, औषध आपण घेतले नाही, आणि किल्ली कोणाकोणाकडे होती याची चौकशी व्हावी, असे तिने एका पानावर लिहून दिले. नोकरी गेली; त्या महिन्याचा पगारही मिळाला नाही. पोलिसांत मात्र कोणी गेले नाही. पुढल्या वर्षी तिने प्रवेशाचा अर्ज भरला, तेव्हा त्यात लपविण्याजोगे तिच्यापाशी काही नव्हते, आणि कोणाच्याही कपाटात तिच्या हातचा खोटा कागद पडून नव्हता. महिनाभराचा पगार हे त्याचे मोल झाले. ते जड होते. परंतु जन्मभर खोट्या सहीच्या धाकात राहण्याहून हलके होते, असे आम्हांस वाटते.