खारीच्या टोपलीतली चिठ्ठी

युद्धपटातल्या नायिकेला काम एकच असतं: वाट पाहायचं. सोव्हिएत रशियात तर या वाट पाहण्याला जवळजवळ शस्त्राचा मान मिळाला होता. कॉन्स्तान्तिन सिमोनोव्ह यांनी १९४१ साली लिहिलेली ‘माझी वाट पाहा’ ही कविता सैनिक जिवापाड जपत. तिचा मथितार्थ असा की, तू वाट पाहिलीस म्हणून मी वाचलो. ऐकायला किती गोड! पण हेच उलटं करून पाहा. जो परतला नाही, त्याच्या माणसानं वाट पाहण्यात कुठेतरी कसर ठेवली म्हणायची. वडाला सूत गुंडाळणाऱ्या आयांच्या हाताखाली वाढलेल्या आपल्याला हा हिशेब नवा नाही.

मिखाईल कलातोझोव्ह यांचा ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ (१९५७) हा हिशेब नाकारतो, म्हणून मला तो मोठा वाटतो. १९५८ साली कानला त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, ते वेगळं. तात्याना सामोइलोव्हाची वेरोनिका वाट पाहत राहत नाही. तिचा प्रियकर बोरिस आघाडीवर, पत्राचा पत्ता नाही. बॉम्बहल्ला ओसरताच ती धावत जिना चढते, दार उघडते, तर पलीकडे घरच नाही. आईवडील नाहीत, घड्याळ तेवढं टिकटिकतंय. पुढे अशाच एका हल्ल्याच्या रात्री बोरिसचा चुलतभाऊ मार्क तिच्यावर जबरदस्ती करतो आणि ती त्याच्याशीच लग्न करते. का, हे चित्रपट समजावत बसत नाही. बरंच करतो.

इथली दृश्यांची जोडणी पाहण्यासारखी आहे. मार्क तिला उचलून फुटक्या काचा तुडवत चालतो आणि लगेच बोरिसचे बूट चिखल तुडवताना दिसतात. थोड्याच वेळात त्याला गोळी लागते; छायालेखक उरुसेव्हस्कींच्या कॅमेऱ्यात डोक्यावरची बर्चची झाडं गरगरू लागतात. वेरोनिकाच्या लग्नाची बातमी घरात फुटते ती त्यानंतर. मग प्रतारणा नेमकी कुणाशी?

एवढं बारीक कोण पाहणार? पुढे हे कुटुंब सैबेरियात हलतं. तिथल्या इस्पितळात एका जखमी सैनिकाची प्रेयसी दुसऱ्याशी लग्न करते, तेव्हा बोरिसचे डॉक्टर वडीलच अशा मुलींना क्षमा नाही म्हणून कडाडतात. वेरोनिका तिथेच उभी असते. माणूस भला आहे, म्हणूनच ते जास्त लागतं.

बोरिस तिला लाडानं ‘खार’ म्हणायचा. जाताना त्यानं तिच्यासाठी खेळण्यातली खार ठेवली होती, टोपलीसकट. टोपलीच्या तळाशी चिठ्ठी. तिला ती सापडतच नाही. मार्क ती खार उचलून दुसऱ्या एका बाईला वाढदिवसाची भेट देतो आणि चिठ्ठी निघते परक्यांच्या मेजवानीत.

युद्ध संपल्यावर वेरोनिका पांढऱ्या पोशाखात, हातभर फुलं घेऊन स्टेशनवर येते. बोरिस गेल्याचं आता पक्कं कळतं. मग त्याचा मित्र भाषण करतो, ते मला जरा सरकारी वाटतं. त्या वेळी मी तिचे हात पाहत असतो. एकेक फूल ती अनोळखी माणसांना देत चाललेली असते.